न कापलेल्या पानांची वाटणी

मी, खाली सही करणारी, जुन्या पुस्तकांची विक्री आणि बांधणी करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. शुद्धीवर असल्याचं माझ्या धाकट्या भावाला पटणार नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. दुकान, त्यामागची माझी राहती खोली आणि बँकेतली ठेव माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्याच मुलीला, द्यावी. बाप मोठा प्रकाशक झाला तरी तिने माझ्याकडे बसून खळीत हात बरबटवून घेतले. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

२. शिवणाची चौकट, दाबयंत्र आणि कात्र्याही तिच्याच. खळीचं भांडं मात्र शेजारच्या फ्रेमवाल्याला द्यावं. तो ते नेहमी मागून नेतो आणि न घासता परत करतो. स्वतःचं झालं की घासेल.

३. धाकट्याने छापून भेट पाठवलेले एका मोठ्या लेखकाच्या समग्र साहित्याचे खंड वाचनालयाला द्यावेत. प्रस्तावनेत त्याने लिहिलं आहे की लेखकांच्या पहिल्या कादंबरीची एकही प्रत दुर्दैवाने मिळत नाही. दुर्दैव कोणाचं, ते पुढच्या कलमात येईल. खंड जपून हाताळावेत. बांधणी माझी नाही.

४. आमचे बाबा छापखान्यात खिळे जुळवत. ती पहिली कादंबरी त्यांनीच जुळवली होती. "शेवटचं पान जुळवताना डोळे असे भरून आले की खिळेच दिसेनात," असं ते सांगत. काय होतं त्या पानात, असं विचारलं की म्हणत, "पुस्तक शोधा आणि दोघं मिळून वाचा. एकट्याने उघडायचं नाही." लेखक पुढे फार मोठे झाले आणि त्यांना त्या पुस्तकाची लाज वाटू लागली. मिळेल ती प्रत मिळवून ते नष्ट करत. बाबा गेल्यावर आम्ही दोघं भावंडं रद्दीची दुकानं, बंद पडलेली वाचनालयं, वारलेल्या प्राध्यापकांची कपाटं धुंडाळत फिरलो. एका डब्यात दोघं जेवलो. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

मग एकदा एका दिवंगत न्यायाधीशांच्या पत्नी दुकानात आल्या. "काय हो, आवडली का ती कादंबरी? तुमचे भाऊ घेऊन गेले. म्हणाले, ताई कधीची वाट बघतेय." मी दुकान तसंच उघडं टाकून धाकट्याकडे गेले.

तो आधी हसला. मग म्हणाला, "ताई, लेखकांनीच मागितली. यापुढची सगळी पुस्तकं मला छापायला देतो म्हणाले. घरी चालून आलेली लक्ष्मी लाथाडू का?"

"पुस्तक कुठे आहे?"

"त्यांनी परसात जाळलं. वारा होता, म्हणून मी आडोसा धरला."

"वाचलंस तरी?"

"छे! आपला नियम होता ना. मी उघडलंसुद्धा नाही."

परक्याने गळा कापला असता तर ओरडले असते. सख्ख्या भावाने केसाने कापला, तेव्हा आवाजच फुटला नाही. मी ते माफ केलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत हो." मी म्हटलं, "मरायचं कुणाला आहे, तुम्हाला की मला?"

५. पुढे बाबांचा छापखाना मोडीत निघाला. मी खिळ्यांची कपाटं बघायला गेले होते. तिथल्या शिवणयंत्राचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी सरकवलेलं होतं. तीच कादंबरी! इतकी वर्षं यंत्र तोलून धरत होती. पानं न कापलेली. छापलेले कागद घडी घालून शिवतात. कडा सुरीने उघडल्याशिवाय आतलं वाचता येत नाही. शेवटचं पान नेमकं घडीच्या पोटात आहे. बोट घालून डोकावावंसं कितीदा तरी वाटलं. डोकावले नाही. धाकटा येईल, "ताई, चुकलो" एवढंच म्हणेल आणि मी पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवीन, असं मनात होतं. त्याच्याकडून खंड येत राहिले. तो आला नाही. आता डॉक्टर म्हणतात की आणखी वाट बघायला वेळ उरलेला नाही.

६. ते पुस्तक भाचीला द्यावं. पानं कापायची बाबांची हाडाची सुरी धाकट्याला द्यावी. दुसऱ्या कोणत्याही सुरीने ती पानं कापू नयेत. वाचायचं असेल तर त्याने सुरी घेऊन दुकानात यावं, माझ्या स्टुलावर नव्हे, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसावं आणि एकेक घडी उघडून द्यावी. वाचेल भाची, मोठ्याने. बाबांनी दोघांनी मिळून वाचा म्हटलं होतं. माझ्या जागी ती बसेल. शेवटच्या पानाशी त्याचे डोळे भरून आले, तर ते पाणी बाबांच्या नावावर धरावं. माझ्या नावावर त्यातला एक थेंबही मांडू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : धाकट्याची ताई

साक्षीदार :
१. माझे डॉक्टर
२. समोरचे औषधवाले (चौथ्या कलमाला चष्मा पुसत होते, पण सही शुद्धीवर केली आहे)

स्थळ : दुकान, बांधणीचं टेबल
दिनांक : ७ मार्च, चालू साल