वेशीबाहेरचं गाठोडं

१२ जून १९३६, मेहकर

पास! तिसऱ्या खेपेला, तिसऱ्या वर्गात — पण पास! गुलबर्ग्याच्या कॉलेजातून इंटरची सनद आज टपालाने आली. नाव तीनदा तपासलं. हरिबा वल्द भगवानराव. बरोबर आहे. सनद उर्दूत, म्हणून घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. तरी अप्पांनी ती उलटी धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "अक्षर चांगलंय."

आफ्रिकेत मोंबाशाला आपल्या लोकांची शाळा आहे. तिथे इंग्रजी आणि गणित शिकवायला मास्तर हवा, म्हणून मार्चमध्येच अर्ज केला होता. त्यांच्या मुंबईच्या पेढीला पास झाल्याचं आज कळवलं. पत्र चार वेळा लिहून काढलं. चौथ्यांदा शाई सांडली, तिसरं पाठवलं.

१५ जून

अप्पांनी विचारलं, "मोंबासा सोलापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

म्हटलं, पलीकडे.

"मंजी इंग्रजी मुलूखच की! मग कामून एवढा घोर करायलास?"

आमच्याकडे निजामाची हद्द संपली की परदेश लागतो. समुद्राचं मी बोललोच नाही.

२२ जून

मुंबईचं उत्तर नाही. पण जोशीबुवा म्हणाले, एकदा चातुर्मास लागला की चार महिने मुहूर्त नाही. "तवर प्रस्थान ठेवा." म्हणजे माणूस मागाहून जाईल, त्याची वस्तू मुहूर्तावर वेशीबाहेर गेली की तो निघाला असं धरायचं. दिशा कोणती? मी नकाशा पुढे केला. बुवांनी समुद्रावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. "इथनं म्होरं पंचांग चालत न्हाई. पश्चिम लिवतो."

२६ जून

प्रस्थान झालं. आईने गाठोडं बांधलं — तांदूळ, सुपारी, हळकुंड, माझं नवं धोतर. वेशीबाहेर बसलिंगप्पांचं किराणा दुकान आणि मागे घर. त्यांच्या भिंतीला खुंटीवर टांगलं. मी जाईपर्यंत ते सोडायचं नाही. वेशीच्या आत परत तर आणायचंच नाही.

बसलिंगप्पांनी गाठोड्याला हात जोडले. "बरं झालं तम्मा, आमच्याबी घरातनं कुणीतरी बोटीनं जायलंय!"

बायका आईच्या गळ्यात पडून रडल्या. मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

३ जुलै

मुंबईचं पत्र! जागा मला देतात — मात्र मूळ सनद उलट टपाली पाठवा. दहा तारखेपर्यंत न मिळाल्यास दुसरा उमेदवार घेऊ.

ट्रंक उघडली. सनद नाही! आईला विचारलं.

"गाठोड्यात घातली की! तुझी समद्यात मोलाची चीज तीच. नुस्त्या धोतरासाठी देव वाट दावतो व्हय?"

४ जुलै

जोशीबुवा म्हणतात, गाठ सुटली की प्रवास मोडला. पुन्हा मुहूर्त कार्तिकात. सनद गेली नाही तर प्रवासच नाही, हे मी शांतपणे दोनदा समजावलं. "ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. "मी फक्त निघायचं बघतो."

आई म्हणते, "मुंबईवाल्यांना लिव, तुमचं कागद निघालंय म्हून. वेशीपर्यंत पोचलंय."

६ जुलै

गाठोड्याची राखण म्हणून दिवसभर बसलिंगप्पांकडे बसतो. आई खूश. सराव म्हणून शिकवायला लागलो. विद्यार्थी एकच — बसलिंगप्पांची बायको भागम्मा, चाळिशीच्या पुढची. माझी नजर खुंटीकडे गेली की पाटी ठेवून ओरडते, "अय्यो मास्तर, हात लावू नका! तुमची बोट बुडंल!"

अक्षर मात्र माझ्यापेक्षा वळणदार काढते.

७ जुलै

धीर होत नाही.

८ जुलै

होत नाही.

९ जुलै

नवराबायको भालकीच्या बाजाराला गेली. भर दुपारी गाठोडं उतरवलं. तीन गाठी, तिसरी डावीकडून. सनद काढली. तांदूळ सांडले ते एकेक वेचले. पुन्हा तीन गाठी, तिसरी डावीकडून. टपालवाला वेशीशी बिडी ओढत होता. पाकीट त्याच्या हातात दिलं. उद्या ते मुंबईत पोचणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी पत्ता दोनदा तपासला.

२१ जुलै

सनद परत आली. सोबत दोन ओळी — उशीर झाला, जागा भरली, कळावे.

बसलिंगप्पा आणि भागम्मा आत जेवायला बसली तेव्हा सनद गाठोड्यात घालून टाकली. तीन गाठी. खुंटीवर आता सगळं होतं तसंच.

सांगू कुणाला? गाव म्हणेल, गाठ सोडली म्हणून असं झालं. आई म्हणेल, मी सनद घातली म्हणून झालं. ती हे कुणाजवळ बोलणार नाही, पण जन्मभर मनात म्हणत राहील. पत्र कुणाचं म्हणून विचारलं तिने. म्हटलं, कॉलेजचं.

संध्याकाळी जोशीबुवा आले. प्रस्थान एका जागी फार दिवस ठेवत नाहीत, त्याची मुदत संपली होती. त्यांनी गाठोडं एक खुंटी पश्चिमेला सरकवलं. "प्रवास चालू हाय," म्हणाले.

२३ जुलै

भागम्माने दुकानाच्या दारावर खडूने स्वतःचं नाव लिहिलं. बसलिंगप्पा गिऱ्हाइकांना थांबवून दाखवतात. "माझं कुटं हाय ह्यात?" विचारतात. "नाही," ती म्हणते.

२४ जुलै

आज आई वेशीबाहेर आली. पदराखाली पाटी. भागम्माला सरकवून शेजारी बसली.

"तू गेल्यावर तुझी पत्रं दुसऱ्याकडनं कामून वाचून घिऊ? मला शिकव. किती दीस हायत रं आपल्याकडं?"

पुष्कळ आहेत, म्हटलं.