केसभर जास्त

पर्वत पाटिया, सुरत
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७

प्रिय वाल्मिक,

तुझं दिवाळीचं कार्ड धनत्रयोदशीला मिळालं. पिवळ्या जमिनीवर तीन लाल मिरच्या, खाली तुझ्या छपाईच्या दुकानाचं नाव आणि दोंडाईचा. मागे एकच ओळ, ‘इकडे ठीक आहे, तिकडची खबर लिही.’ एका ओळीच्या कार्डाला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. त्याचं कारण आहे, पण ते शेवटी लिहिते. मला क्रमानेच लिहिता येतं, हे तुला माहीत आहे.

स्टुडिओ तिथेच आहे, दोऱ्याच्या दुकानावर. जिन्याच्या अठरा पायऱ्या, नववी अजून हलते. जयंतीभाईंनी दिवाळीनंतर लाभपाचमला मुहूर्त केला. कॉम्प्युटरला कुंकू लावलं, मॉनिटरवर झेंडूचा हार घातला आणि उदबत्ती अशी खोचली की सगळी राख कीबोर्डमध्ये पडली. दोन दिवस ‘र’ उमटत नव्हता. नेमकं त्याच वेळी एका लग्नपत्रिकेचं काम होतं आणि नवऱ्यामुलाच्या नावात दोन ‘र’ होते. शेवटी ती दोन अक्षरं मी हाताने काढून चिकटवली. जयंतीभाई म्हणाले, “जोयुं? हाथ तो हाथ छे!” हेच जयंतीभाई मार्चमध्ये हाताचं काम आता संपलं म्हणत होते, “सुषमाबेन, हाथनुं काम हवे पत्युं.”

कामं पुष्कळ आहेत. साड्यांच्या खोक्यांची झाकणं, फरसाणाच्या पाकिटाचं चित्र, एका ट्रान्सपोर्टवाल्याचं कॅलेंडर. गेल्या आठवड्यात एका साडीवाल्याने लेबलवरच्या बाईचं चित्र पाच वेळा बदलून घेतलं. “बेन, नाक जरा नानुं करो ने.” लहान केलं. “हवे आंख मोटी.” केली. पाचव्या वेळी तो खूश होऊन चित्र घरी दाखवायला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने परत आला. बाई हुबेहूब त्याच्या वहिनीसारखी झाली होती आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तू असतास तर त्या माणसासमोरच हसला असतास. मी पाठ फिरवून प्रिंटरमध्ये कागद भरला.

तुझ्या जागी नवीन कोणी घेतलं नाही. वत्सला नावाची मुलगी पत्रिकांची अक्षरं टाइप करायला येते. हुशार आहे, दिवसभर गुजरातीत बोलते आणि मराठी बोलायची वेळ आली की लाजते. काचेचं टेबल भिंतीला लावलंय. तू बसायचास त्या बाजूला प्रिंटर ठेवलाय. काचेखालची तुझ्याकडची ट्यूब अजून फडफडते. जयंतीभाईंनी बदलायला दोनदा सांगितलं, मी अजून बदललेली नाही. तुझा शून्य नंबरचा ब्रश माझ्या खणात आहे. तू विसरलास की ठेवून गेलास, हे मला ठरवता आलेलं नाही.

मिलमधून आपण हाताने रंगवलेल्या जुन्या पारदर्शक फिल्म घेऊन हिलालकाका येतात. तुझं नाव काढल्याशिवाय चहा पीत नाहीत. “वाल्मिकनी काही खबर शे का?” मी म्हणते, ठीक आहे. ते म्हणतात, “तेना हातनं फूल आते दिखस नई.” मी कामाला लागते.

आता मुद्द्याकडे येते. मिलवाल्यांना सहा वर्षांतली जुनी फुलं नव्या कापडावर परत हवी आहेत, म्हणून आपल्या दोघांच्या फिल्म मी कॉम्प्युटरमध्ये घेते आहे. एकूण त्रेचाळीस डिझाइन सापडली. प्रत्येकाचे तीन भाग पडद्यावर एकमेकांवर ठेवायचे. मूळ कागद, त्यावरची पेन्सिलची रेघ दिसावी म्हणून. मग माझी जमीन, म्हणजे फुलाभोवतीचा सगळा भाग, मी तिला हिरवा रंग देते. मग तुझं फूल, लाल. दोन रंग एकमेकांवर चढतात तिथे काळसर कड दिसते.

नियम तुला आठवत असेलच. जयंतीभाईंनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगितला होता. छापताना कापड ओढलं जातं, रंगाची जाळी सरकते. दोन्ही रंग नेमके रेघेवर थांबले तर मधे कापडाचा पांढरा दोरा दिसतो. म्हणून जमीनवाल्याने रेघेच्या अर्धा केस आत यायचं, फूलवाल्याने अर्धा केस बाहेर. दोघांनी मिळून एक केस. मी तेव्हा नुकती आयटीआयमधून आले होते, दोन वर्षं इमारतींचे नकाशे काढून. तिथे रेघेच्या बाहेर गेलेली शाई ब्लेडने खरवडून काढावी लागायची. जयंतीभाईंचं म्हणणं मी ऐकलं आणि मनात म्हटलं, ज्यांचा हात नीट चालत नाही त्यांच्यासाठी हा नियम असेल.

फिल्मची पहिली जोडी पडद्यावर आठपट मोठी केली तेव्हा माझी हिरवी जमीन बरोबर पेन्सिलच्या रेघेवर थांबलेली दिसली. रेघेच्या आत काहीच नाही. मला वाटलं, एखाद्या वेळी झालं असेल. मग दुसरी पाहिली, मग दहावी. मग वहीत तक्ता आखला आणि प्रत्येक डिझाइनमध्ये आठ ठिकाणी मोजलं. त्रेचाळीस डिझाइन, तीनशे चव्वेचाळीस ठिकाणं. एकाही ठिकाणी मी आत आलेली नाही. सहा वर्षांत एकदाही नाही.

आणि तू? पहिल्या दोन डिझाइनमध्ये तू सांगितल्याप्रमाणे अर्धा केस बाहेर आहेस. तिसऱ्यापासून पूर्ण केस. तिथून शेवटच्यापर्यंत पूर्ण.

दुसरं डिझाइन म्हणजे गुलाबी जमिनीवरचा आंबा. मला तो दिवस लख्ख आठवतो. मिलमधून साड्यांचा गठ्ठा परत आला होता, प्रत्येक आंब्याच्या एका अंगाला पांढरा दोरा. जयंतीभाईंनी साडी टेबलावर पसरली आणि चूक कोणाची ते विचारलं, “कोनो वांक?” मी माझी फिल्म काचेवर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “माझी रेघेवर आहे. हवं तर भिंग लावून पाहा.” पाहिली असती तर खरंच रेघेवरच होती. चूक तीच होती. तू माझ्या फिल्मकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, “मशीननं कापड ओढं, दुसरं काही नई.” जयंतीभाई मिलवाल्याला फोन लावायला गेले. त्यानंतर पांढरा दोरा कधीच आला नाही. माझ्यामुळे काम स्वच्छ येतं, असं मी सहा वर्षं समजत होते. घरीसुद्धा सांगत होते.

काम संपलं की मी दोन्ही फिल्म जोडून तपासायला मागायचे आणि तू झाकून ठेवायचास. “ऱ्हाऊ दे, मी शे ना.” मला राग यायचा. वाटायचं, हा माणूस आळशी आहे, तपासणीला घाबरतो. आता ‘मी शे ना’ हे तीन शब्द दिवसातून किती वेळा आठवतात, ते मात्र मी मोजलेलं नाही.

मार्चमध्ये जयंतीभाई म्हणाले की कॉम्प्युटरवर एकालाच बसवता येईल, तेव्हा मी काही बोलायच्या आत तू म्हणालास की पडद्याने तुझे डोळे दुखतात. मी ते खरं धरलं. तुझे डोळे सहा वर्षं ट्यूबच्या उजेडात काचेवर दुखले नव्हते, हे तेव्हा सुचलं नाही. याची फिल्म माझ्याकडे नाही, म्हणून ठामपणे काही लिहीत नाही. खरं काय ते तू सांग.

शेवटच्या दिवशी जिन्यात, नवव्या पायरीवर, तू दोंडाईचाच्या नव्या दुकानाचं सांगून विचारलंस, “टेबल एकच शे, पन दोन जन मावतीन. येशी का?” आणि मी म्हणाले, “किती बाय किती?” तू हसलास. “बारा बाय चार.” मी म्हटलं, “बघू.” तू पिशवी उचलून उतरलास. बारा बाय चारच्या टेबलावर दोन माणसं आरामात उभी राहतात, हे मला जिन्यातच कळलं होतं. तरी मी वर जाऊन टेबलाशी बसले आणि पाच वाजेपर्यंत एका पदराची किनार काढली. ती किनार त्रेचाळीसांत नाही, तक्त्याखाली वेगळी लिहिली आहे. तुझं फूल नाही तिथे, माझ्याच दोन्ही फिल्म. छापून आली तेव्हा पांढरा दोरा होता. त्या वेळी मी मशीनला दोष दिला.

घरी, कोसाडला, बरं आहे. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका मुलाचं स्थळ आलंय. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे, शांत आहे, त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी काही बोलत नाही म्हणून आई वैतागली होती. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, “नवरदेवले बी पट्टी लावशी का व?” अण्णा हसले. मला हसू आलं नाही. काल संध्याकाळी मी दोघांना सांगितलं की सचिनच्या स्थळाला नाही कळवा. आईने विचारलं, मग कुठे हो कळवायचं? मी म्हटलं, ते मी स्वतः कळवते. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “दोंडाईचाले मिरची चांगली भेटस.” तुझं कार्ड मी माझ्या पेटीत वहीखाली ठेवलं होतं. वहीखालचं तिला कसं दिसलं, ते कळायला मार्ग नाही.

आता तुझ्या कार्डाबद्दल. मी ते भिंगाखाली पाहिलं. तिन्ही मिरच्यांभोवती, जिथे लाल आणि पिवळा भेटतात तिथे, तपकिरी कड आलीय. चांगली जाड, पूर्ण दोन केसांची. म्हणजे फूलही तूच काढलंस आणि जमीनही तूच काढलीस, आणि दोन्हीकडून पूर्ण केस दिलास. जमीन दुसऱ्या कोणी काढली असती तर कड एवढी जाड आली नसती. यावरून मी असं धरते आहे की त्या टेबलाची दुसरी बाजू अजून रिकामी आहे. कामात ही चूक आहे, वाल्मिक. कोणतंही गिऱ्हाईक असं कार्ड परत करेल. पण तुझ्या हाताला कमी देता येत नाही आणि ते आता शिकवायला मी तयार नाही. त्यापेक्षा दुसरी फिल्म दुसऱ्याच कोणी काढावी.

हे पत्र त्यासाठीच लिहिलं. तू मार्चमध्ये विचारलं होतंस, त्याचं उत्तर ‘हो’ आहे. रविवारी, तीस तारखेला, सकाळच्या पॅसेंजरने मी येते आहे. सोबत भिंग आहे, तुझा ब्रश आहे आणि तो तक्ता आहे, तुला खोटं बोलता येऊ नये म्हणून. मिरचीची पिवळी जमीन मी परत काढीन आणि या वेळी रेघेच्या आत येईन. हे आठ महिने फार लांबले असतील आणि तुझं मन बदललं असेल, तर दारातच सांग. मी जमीन काढून देईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. एकच मागणं आहे. तू सवयीप्रमाणे स्टेशनवर येशील, फलाटावर पुढे पुढे येऊन उभा राहशील. तसं करू नकोस. दुकानातच थांब. स्टेशनपासून तुझ्या दारापर्यंतचं अंतर या वेळी मला चालत येऊ दे.

रेघेच्या आत आलेली,
तुझीच
सुषमा