आधी हस, मग विचार

७ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय मास्तरीणबाई,

तुला आणि घरच्या सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम. आमची आई बरी आहे, गुडघे सोडून. पाट्या रंगवायचं माझं काम जोरात चाललंय. कालच दवाखान्याची पाटी पुरी केली. 'शांतता राखा' लिहिताना मी इतक्या मोठ्यानं गात होते की कंपाउंडर बाहेर आला, पाटीकडे बोट दाखवलं आणि आत गेला.

तर आता आपल्या अकरा दिवसांच्या अबोल्याविषयी.

त्या दिवशी शिंपिणीकडे तुला लग्नाच्या झग्यात बघून मला रडू आलं, मग हसू आलं, मग मी तुला उचलून गरकन फिरवलं, टाचण्यांसकट. खाली टेकल्या टेकल्या तू तिच्यादेखत विचारलंस, "गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते! आणि दुसरी करवली शोध," म्हणून मी दार आपटलं.

राग खराच होता. बायपोलर मला आहे, पण मी हसले की धडकी तुला भरते. दुसरं कुणी आनंदलं की लोक विचारतात, काय झालं? मला विचारतात, गोळी राहिली का?

तुझी भीती मला कळत नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी "देवानं मला बरं केलं" म्हणत मी गोळ्या सोडल्या आणि कुणाला न विचारता चर्चची अख्खी दर्शनी भिंत पिवळीधमक करून टाकली. "हा देवाचा आवाज नाही, आजाराचा आहे," असं एकटी तू तोंडावर म्हणालीस. मी चारचौघांत तुला सुनावलं, तुझा विश्वास मोहरीएवढाही नाही. पुढचे तीन महिने मी अंथरुणात पडून होते, तेव्हा हीच कमी विश्वासाची बाई रोज शाळा सुटल्यावर येऊन माझे केस विंचरायची. स्तोत्र वाचायचीस. "बंद कर" म्हटलं की बंद करायचीस, पण उठून जायची नाहीस.

जुनं उगाळत बसलेय, कारण खरं लिहायला हात धजत नाहीये.

मी खोटं बोलले गं. गोळ्या सोडून तेव्हा चौथा दिवस होता. गोळ्यांनी हात थरथरतो, आणि तुझ्या लग्नाची पाटी मला सरळ हातानं लिहायची होती. तुझा प्रश्न नेमका वर्मी लागला, म्हणून तर दार एवढं जोरात आपटलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "थरथर होते हे आधीच का नाही सांगितलं?" त्यांनी गोळ्यांचं प्रमाण थोडं बदललं. आता हात पुष्कळ सरळ चालतो. पाळकसाहेबांनाही सांगितलं. मला वाटलं, प्रवचन ऐकावं लागणार. ते म्हणाले, "मी बीपीची गोळी प्रार्थना करूनच गिळतो, बाई. दोन्ही लागू पडतात."

म्हणजे तू बरोबर होतीस. पण मीही अगदीच चूक नव्हते. काल दात घासताना तुझा टाचण्या टोचल्यावरचा चेहरा आठवला आणि मी फेसासकट हसत सुटले. गोळ्या पुन्हा सुरू करून दहा दिवस झालेत, तरी हसू तेवढंच येतं! ते माझंच आहे. देवानं दिलेलं.

तेव्हा विचारत जा. हक्कानं विचार, मी खरं सांगेन. फक्त आधी माझ्याबरोबर हस, मग विचार. आणि शिंपिणीसमोर नको.

आज सकाळी तिच्याकडे गेले होते. करवलीचा झगा दुसरीच्या मापाचा झाला का, हे तिला विचारायला जीभ रेटेना. तीच म्हणाली, "तुमच्या मास्तरीणबाई दोनदा येऊन बजावून गेल्यात. तो झगा तुमचाच, कुणी हात लावायचा नाही."

तिथेच स्टुलावर बसून रडले मी. शिंपीण बिचारी पाणी घेऊन धावली.

झगा कमरेत जरा सैल आहे. बुधवारी शाळा सुटली की ये, टाचण्या तू लाव.

तुझीच,
करवली