बिजवर लॅपटॉपची वायर धरून

चि. धाकटीस, थोरलीचे उदंड आशीर्वाद.

मायन्यालाच पहिली अडचण आली. मी सांगतेय, नात लिहितेय. ती विचारते, मावशीआजींच्या आधी काय लिहू? ‘सौ.’ आता चालायचं नाही, आणि नवऱ्यामागे राहिलेल्या बाईला लावतात ती दुसरी अक्षरं मला चालायची नाहीत. (मला स्वतःला सहा वर्षं लावतायत. दिसायला कशी असतात ते मला कुठलं कळायला, पण पोस्टमन ती वाचताना आवाज खाली घेतो.) म्हटलं, नुसतं धाकटी लिही. नवरा होता तेव्हाही ती धाकटी होती, आता नाही तरी धाकटीच आहे. हा हुद्दा कायमचा.

गुडघे कसे आहेत? जेवण जातं का? फोनवर विचारलं की तू ‘बरं आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. दीड वर्ष झालं, तुझं नुसतं बरंच आहे. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. (ठेवलंस तरी मला दिसणार नाही, तेव्हा खुशाल ठेव.) इकडचं क्षेम म्हणशील तर सध्या एका वायरीवर आहे आणि ती वायर माझ्या हातात आहे. कशी आली ते सांगते. लांबण लागेल, पाणी घेऊन बस.

नात इमारतींचे नकाशे काढते हे तुला माहीत आहे. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या नकाशांवर मापं टाकत होती. आता इंजिनिअरसाहेबांनी पहिल्यांदा तिला स्वतःचं काम दिलं, एका दवाखान्याचं. सोमवारी सकाळी नकाशे त्यांच्या टेबलावर पाहिजेत, नाहीतर काम दुसऱ्याला, आणि ही परत मापं टाकायला. दवाखाना चांगला आहे, मी पडद्यावर पाहिला. फक्त पेशंटबरोबर आलेली माणसं कुठं टेकणार ते तिनं काढलं नव्हतं. मी विचारल्यावर तिनं एक बाक काढला. म्हणजे दवाखान्यात थोडी मीही आहे.

तर झालं असं की इस्त्री बंद पडली होती. मी आपली सुती साडी नीट घडी घालून गादीखाली ठेवली, तू-मी शाळेच्या तपासणीला तुझा फ्रॉक ठेवायचो तशी. (शाळेत तूच जायचीस, पण झोपायचे मी, कारण माझं वजन जास्त होतं.) आता वयानं माझं वजन उतरलंय. घडी बसेना. शेजारी काहीतरी चपटं, जड, छान कडक पडलं होतं, ते साडीवर सारलं, वर गादी टाकली आणि दुपारभर आडवी झाले. खालून ऊब येत होती. मला वाटलं, वयोमानानं पाठीला बरं वाटतंय.

साडीला घडी झकास बसली. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र कोळ्याचं जाळं, आणि मधोमध शाईचा डाग. नातीनं ते पाहिलं. ती ओरडली असती तर मीही दोन शब्द परत दिले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पोरगी गप्प बसून मला चहा करून देते, ही कुठली शिक्षा?

दुरुस्तीवाल्याकडे दोघी गेलो. दुकान एवढं अरुंद की एकानं श्वास सोडला की दुसऱ्यानं घ्यायचा. भिंतीला पोटं उघडलेले लॅपटॉप. त्यानं कपाळाला दिवा बांधला आणि विचारलं, पडला का? नात म्हणाली, नाही, त्याच्यावर झोपले. कोण? आजी. त्या माणसानं दिवा माझ्याकडे वळवला आणि मला खालपासून वरपर्यंत असं पाहिलं, जणू माझंही काही मोजायचंय. मग आत डोकावून म्हणाला, चालू ठेवून दाबलाय, आत भाजलाय, मदरबोर्ड गेला. मदर म्हणजे आई एवढं मला समजतं. म्हटलं, बाबा, आई गेली की घर बंद पडतं हे सांगायला एवढे स्क्रू काढावे लागतात होय? तो हसला नाही. नातही हसली नाही. नकाशे मात्र वाचले. ते म्हणे वर कुठंतरी ठेवलेले असतात. वर कुठं म्हटलं, तर ती आढ्याकडे बघायला लागली.

मग दुसऱ्या दुकानात. नातीनं समजावलं, आजी, कुणीतरी वापरलेला असतो, तो साफसूफ करून, आतलं बदलून, नव्यासारखा करून विकतात. म्हटलं, एवढं लांबण कशाला लावतेस, बिजवर म्हण. दुकानदाराला शब्द ठाऊक नव्हता. मागं उभे असलेले एक म्हातारे गिऱ्हाईक मात्र एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी रीतसर चौकशी केली. वय किती, आधीच्या घरातून का निघाला, तापट आहे का, दिसतं-ऐकू येतं का, आणि आधीचं काही बरोबर आणतोय का. दुकानदार म्हणाला, आजी, एका ऑफिसात होता, तिथं सगळेच बदलले. म्हणजे दोष याचा नव्हता. पाटीवरची एक कळ पार गुळगुळीत झाली होती. हे कुठलं अक्षर म्हणून विचारलं, तर नात म्हणाली, अक्षर नाही, खोडायची कळ आहे. लिहिण्यापेक्षा खोडलेलं जास्त. म्हटलं, घे, विचार करणाऱ्याच्या हाताखालचा आहे.

धाकटे, तिथं काउंटरला टेकून उभी असताना तुझं लग्न आठवलं. ते स्थळ आधी मला आलं होतं. मी नाक मुरडलं, बिजवर नको म्हणाले. तू हो म्हणालीस, तेव्हा मी चारचौघींत ‘वापरलेला नवरा’ म्हणून तुला हसले होते. मला कोरा मिळाला, आणि चाळीस वर्षं मी तो दुरुस्त करत बसले. तुझे मेहुणे (आमचे मेहुणे, लिहिणारीनं चूक केली) आयते शिकून आलेले. आजारी बायकोची उशी कशी बदलायची हे त्यांना आधीच येत होतं. मी तेव्हा जे बोलले ते मूर्खपणाचं होतं. हे वाक्य नातीला दोनदा लिहायला सांगितलं होतं, तिनं एकदाच लिहिलंय, कागद वाचवते.

असो. बिजवर घरी आला. स्वभाव शांत, फक्त दम नाही. बॅटरी म्हातारी, वायर काढली की मान टाकतो. आणि दुकानदारानं दिलेल्या चार्जरची पिन सैल. एका विशिष्ट कोनात, किंचित वर उचलून धरली तरच चालते. ती कोण धरणार? जिनं मोडलं ती. दोन दिवस मी स्टुलावर बसून वायर धरते आहे. नाक खाजवलं की दवाखान्याचा जिना जातो. काल शिंकले तर ऑपरेशनची खोली गेली, ती तिनं पुन्हा काढली, आणि तेव्हा पहिल्यांदा हसली. आत्ता तो स्वतःला काहीतरी शिकवतोय (नात त्याला अपडेट म्हणते), टक्के चढतायत, तोवर काही काढता येत नाही. तेवढ्यात हे पत्र. तेवीस टक्के झालेत. माझा हात बावीसलाच मेला.

थकले गं. पण उठता येत नाही, आणि खरं सांगायचं तर फार वर्षांनी मी हलले तर कुणाचं काही अडेल असं झालंय.

घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांग.
तुझी,
थोरली (घरच्याच पत्राला अंगठा नको म्हणते नात, म्हणून उठवला नाही)

ता. क. मुख्य काम राहिलं. नात म्हणते मेहुण्यांचा लॅपटॉप याच जातीचा, पिन तीच. तो तुझ्या कपाटात त्यांच्या मफलरीत गुंडाळलेला मी पाहिलाय. त्याचा चार्जर हवा. वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी हे पत्र घेऊन उद्या, शुक्रवारी, तुझ्याकडे येईल. शनिवारी सकाळच्या बसनं परत निघेल. तिच्याजवळ दे.

ता. क. दुसरा. तुझा थोरला मुलगा आत्ताच फोनवर बोलून गेला की तू रोज पाचला तो लॅपटॉप लावतेस, त्यांचा फोटो उघडतेस, पडदा पुसतेस आणि बंद करतेस. मला हे तुझ्याकडून कळायला हवं होतं. तर चार्जर देऊ नकोस. चार्जर, लॅपटॉप आणि मफलर तिन्ही घेऊन तूच तिच्याबरोबर शनिवारी ये. रोज पाच वाजता नात हात धुवायला उठेल आणि चार्जर तुमच्या दोघांचा. बाकी वेळ दवाखान्याचा.

ता. क. तिसरा. लिहिणारी विचारते, मावशीआजी परत कधी जाणार ते घालायचं का. तिला म्हटलं, तेवढी जागा कोरी सोड.