रजिस्ट्री घरचीच बरी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची नोंद असलेली बरी.
ताईच्या कंपनीत लागून वर्ष होत आलं. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. ऑफिसात मी अजून ‘मॅडमचा भाऊ’. प्रिंटर अडला की माझी आठवण होते.
आज मीटिंगमध्ये मांडलंच. आपलं सॉफ्टवेअर आपण कंटेनर नावाच्या डब्यांत भरतो आणि डबे ठेवतो परक्याच्या रजिस्ट्रीत, म्हणजे भाड्याच्या कोठारात. का म्हणून? ओपन सोर्स, म्हणजे फुकट मिळणारी रजिस्ट्री असते, घरची उभी करू. ताईने शेजारी बसलेल्या दाजींकडे बघितलं. मग म्हणाली, बरं, कर. ‘नीट कर हं’ म्हणाली नाही, हे विशेष.
हे जमलं की ताईला पटेल, आपला भाऊ कामाचा आहे. बाकी कोणाला पटलं नाही तरी चालेल.

५ मार्च, बुधवार
दाजींनी एक जुना कॉम्प्युटर दिला. ऑफिसच्या जिन्याखाली मांडला. दुपारपर्यंत उरकेल.

तोच दिवस, संध्याकाळ
उरकलं नाही. ओळख पटवणारं सर्टिफिकेट चुकलंय, म्हणून एकही लॅपटॉप माझ्या रजिस्ट्रीवर विश्वास ठेवत नाही. माणसांचं समजू शकतो.

११ मार्च, मंगळवार
चालली! पहिला डबा आत गेला. सगळ्यांना मेल: जुनी रजिस्ट्री विसरा. ताईचा अंगठा आला.
टेस्टिंगवाली (मनातल्या मनात मी तिला शंकासुर म्हणतो) येऊन विचारत होती, बंद पडली तर काय. पडणार नाही, म्हटलं. म्हणाली, पण पडली तर? अशा माणसांमुळेच गाडं पुढे जात नाही.

१७ मार्च, सोमवार
एकही तक्रार नाही. शंकासुरचीसुद्धा नाही. डिस्क जवळजवळ रिकामी, इतक्या कमी जागेत भागतंय. दाजींना मुद्दाम सांगितलं. ते ‘वा’ म्हणाले आणि प्रिंटर बघायला सांगितला.

२० मार्च, गुरुवार
रजिस्ट्रीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही डब्यातच येतं. तो डबा तरी बाहेरचा का? त्यात माझे चार फेरफार केले आणि आपल्याच रजिस्ट्रीत ठेवून दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व. फेरफार लिहून ठेवायचे आहेत.

२७ मार्च, गुरुवार, सकाळी ९
अकरा वाजता मोठ्या हॉस्पिटलला डेमो. ताई कित्येक महिने या गिऱ्हाइकाच्या मागे होती. त्याआधी साफसफाई बरी, म्हणून रजिस्ट्री जरा थांबवली आणि कॉम्प्युटरवरचे सुटे डबे पुसून टाकले. सगळ्यांच्या प्रती रजिस्ट्रीत आहेतच.

९.४०
रजिस्ट्री सुरू होत नाही. सुरू व्हायला तिला तिचा डबा लागतो. डबा रजिस्ट्रीत आहे. रजिस्ट्री बंद आहे. कपाटाची किल्ली कपाटात.

१०.१५
मूळ सॉफ्टवेअर नेटवरून पुन्हा आणलं. त्याला डिस्कवरचं काही ओळखू येत नाही. माझे फेरफार. लिहून ठेवायचे होते.

१०.५०
डेमोची नवी आवृत्ती आत अडकली. ताईला सांगायला हवं. ती काचेपलीकडे पाहुण्यांशी हसून बोलतेय. दोनदा काचेपर्यंत जाऊन परत आलो. जिन्याखालीच बसलोय.

१२.१०
टाळ्या ऐकू आल्या. काही कळत नाही.

संध्याकाळ
ताईपुढे जाऊन एका दमात सांगून टाकलं, रजिस्ट्री सकाळपासून बंद आहे, चूक माझी. ताई म्हणाली, हो का. मग तिने शंकासुरकडे बघितलं. शंकासुर जमिनीकडे बघायला लागली.
जुनी रजिस्ट्री कोणी सोडलीच नव्हती. सगळ्यांचे डबे आजही तिथेच. घरच्या रजिस्ट्रीत डबे ठेवणारा मी एकटा.
मग मला का नाही सांगितलंस, असं ताईला विचारलं. म्हणाली, किती खुशीत होतास रे.
रागावली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार
दुपारी फेरफार आठवले. रजिस्ट्री चालू झाली, अगदी पहिल्यासारखी.
सगळ्यांना कळवायला मेल लिहिला. पाठवला नाही.