ट्रकचा एसी आणि सासूबाईंची बॅग

चि. धाकट्या मेहुणेबुवांस,

थोरल्या भाऊजींचा आशीर्वाद. तुझी, घरच्या मंडळींची आणि तुझ्या त्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. एवढ्या उकाड्यात तुमच्या धंद्याची तब्येत बिघडायचं काही कारणच नाही. गेल्या खेपेला तुझी कंबर धरली होती, ती सुटली का? वाकताना गुडघ्यातून वाकावं, कमरेतून नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो. माझ्या ट्रकच्या एसीचा कॉम्प्रेसर वारला आहे, तुझी ताई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि सासूबाईंनी (म्हणजे तुझ्या मातोश्रींनी) बॅग दाराशी आणून ठेवली आहे. रविवारपर्यंत केबिन गार झाली नाही तर 'मी आपली लेकाकडे जाते' असं त्यांनी जाहीर केलंय. बॅगेवर छत्री आडवी ठेवली आहे आणि घराबाहेर पडताना दर वेळी मी तिला अडखळतो.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू हसतोस. पत्र वाचून हसलास तरी मला ऐकू येत नाही. शिवाय फोनवर तुझी ताई पाठीमागून उत्तरं देते, ती वेगळीच. तुझ्या बाजूला माल घेऊन जाणारा एक ओळखीचा ड्रायव्हर उद्या निघतोय, त्याच्या हाती हे देतो.

सासू जाणार म्हटल्यावर जावयाने सुटकेचा निःश्वास टाकायचा असतो, हे मला ठाऊक आहे. मीही टाकला असता. पण हिशेब इतका सरळ नाही. त्या आल्या आठ दिवसांसाठी. वरची खोली त्यांना दिली, आणि तिच्यावरचा पत्रा दुपारी असा तापतो की भिंतीवरची पाल खाली येऊन फरशीवर पडून राहते. तेव्हा मीच म्हणालो, आई, चला ट्रकमध्ये बसा, कारखान्यातून माल उचलू, गोदामात टाकू, परत येऊ. आमच्या घरादारात खरा गारवा असलेली जागा एकच, ती म्हणजे माझ्या ट्रकची केबिन. (तो एसी मी स्वतः बसवलेला. कुणाच्या हाताखाली न शिकता. हे तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.) त्या दिवसापासून बाईंनी शेजारची सीट अशी धरली की बस. पाठीला उशी, पायाखाली उपडा क्रेट, मांडीवर गोळ्यांचा डबा. मी वाहतो वॉशबेसिन आणि कमोड, म्हणजे सगळा फुटका धंदा. पण त्या वरून काच खाली करून नुसतं 'हळू रे पोरांनो' म्हणाल्या की हमाल बेसिन असं उतरवतात, जणू तान्हं बाळ. कारखान्याचा वॉचमन त्यांना सलाम ठोकतो आणि माझ्याकडे कागद मागतो.

आणि खरं सांगायचं तर (हे ताईला दाखवू नकोस) मी बोलतो ते पूर्ण ऐकून घेणारं माणूस या घरात आजवर नव्हतं. क्लच का घसरतो, डिझेलचा धूर कधी पांढरा आणि कधी काळा, उजवीकडचाच टायर आधी का झिजतो, हे सगळं त्यांनी 'हो का?' आणि 'मग पुढे?' म्हणत ऐकलंय. तुझी ताई पहिल्या वाक्याला गॅस बंद करायला उठते, तो आधीच बंद असतो.

तर त्या एसीने मान टाकली. आधी वारा कोमट झाला, मग गरम, मग पट्टा किंचाळायला लागला. तुझ्या ताईने लगेच 'माझ्या भावाला बोलवा' म्हटलं. मी म्हटलं, ज्याला सर्टिफिकेट बघितल्याशिवाय स्क्रू दिसत नाही, त्याला कशाला? (हे मनावर घेऊ नकोस, रागात बोललो. पण बोललो.) पुली हाताने फिरवून बघितली, ती हलेना. कॉम्प्रेसर आतून जाम. निदान अचूक होतं, हे तुलाही मान्य करावं लागेल. पार्टवाल्याकडून नवा आणला. जुना काढताना वरचे बोल्ट लोण्यासारखे निघाले, आणि खालचा एक अशा सांदीत की ज्याने तो तिथे घातला त्याला कोपर नसावं. त्या एका बोल्टापायी माझा एक पाना, एका बोटाचं नख आणि शेजाऱ्यांशी असलेले चांगले संबंध गेले. कारण मी जे बोललो ते त्यांना वाटलं त्यांच्या कुत्र्याला उद्देशून होतं.

नव्या कॉम्प्रेसरमध्ये कारखान्यातून भरलेलं तेल असतं. आता दुसऱ्याने भरलेल्या तेलावर मी विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. मी ते संपूर्ण काढून काचेच्या बरणीत ओतलं, उजेडात धरून रंग बघितला, आणि सासूबाईंच्या औषधाच्या टोपणाने, ज्यावर रेघा असतात, थेंबन् थेंब मोजलं. माप बरोबर निघालं. सासूबाई सावलीत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, जावईबापू, एवढंसं तेल, त्याचं एवढं काय? मग मी त्यांना समजावलं. तेल म्हणजे काय, ते गॅसबरोबर पाइपातून कसं फिरून येतं, कमी पडलं तर काय, जास्त झालं तर काय. म्हटलं, आई, तुम्ही गोळी पाण्याशिवाय गिळता का? घशाला चिकटणारच. तसं तेलाशिवाय कॉम्प्रेसर फिरवणं म्हणजे खून आहे. त्या इतक्या गुंगून ऐकत होत्या की चहा पार निवला. मग आम्ही तो गरम करून घेतला आणि मी कॉम्प्रेसर बसवला.

एसीत गॅस भरायला गॅसवाला आला. गेज लावले, पंपाने पाइपातली हवा ओढून काढली, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, 'काका, तेलाचं बघितलंय ना?' मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं सगळं काम खाली मान घालून केलं. तेलाचं मला विचारतो!

दुसऱ्या दिवशी माल भरून निघालो. केबिनमध्ये असा गारवा आला की सासूबाईंनी शाल मागितली. मला म्हणाल्या, 'तुमच्या हाताला गुण आहे हो.' मी आरसा जरा नीट केला. मोठ्या चौकापर्यंत हे सुख टिकलं. सिग्नलला पुढून घरघर सुरू झाली, मग कुणी फरशीवरून पातेलं ओढावं तसा आवाज, मग जळक्या रबराचा वास, मग धूर. पाठीमागचे हॉर्न वाजवतायत, मी बॉनेट उघडून उभा, आणि सासूबाई शाल घडी करून मांडीवर ठेवून समोर बघतायत. एक शब्द बोलल्या नाहीत. माणसाने बोलावं रे. ताई निदान बोलते. त्या संध्याकाळी बॅग दाराशी आली.

नवा कोरा कॉम्प्रेसर का मेला, हे विज्ञानाला आजतागायत कळलेलं नाही. मी पार्टवाल्याला खूप सुनावलं. त्याने फक्त कान खाजवला. काल एकटाच माल टाकून आलो. शेजारची सीट रिकामी, तिच्यावर उशी. काचा खाली, तोंडावर गरम वारा, आणि गोदामात हमालांनी पहिलं विचारलं ते 'आजी कुठे?' आणि एक बेसिन फोडलं. टायरबद्दल एक नवीन गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती सांगायला कुणी नव्हतं. माणूस स्वतःच्या अकलेवर उभा राहतो, सगळं स्वतः शिकतो, आणि शेवटी एका लोखंडी डब्यापुढे हात टेकतो. असो. कळावे. तुझ्या कमरेला शेक दे.

तुझा (वयाने आणि अनुभवाने मोठा)
भाऊजी

ता. क. – रविवारी तू त्यांना न्यायला येशील असं त्या म्हणतात. येणारच आहेस तर सहज म्हणून गाडीत त्याच मापाचा एक कॉम्प्रेसर, आणि पाइप आतून धुवायचं तुझं ते मशीन टाकून आण. जुन्याचा लोखंडी चुरा सगळीकडे गेला असणार. कुणाला सांगू नकोस, पाहुणा म्हणून ये. दुरुस्ती मीच करणार. तू नुसता शेजारी उभा राहा, आणि मी कुठे चुकतोय असं वाटलं तर खोक.

ता. क. २ – पाकीट शोधताना खिडकीतला पडदा सरकवला. मागे बरणी आहे. भरलेली. काढलेलं सगळं तेल, मोजून, जसंच्या तसं. मी ती तशीच उचलून बाहेर नेली. सासूबाईंना विचारलं, आई, मी हे आत ओतलंच नाही, तुमच्या लक्षात नाही आलं? तर म्हणाल्या, 'आलं ना. पण तुम्ही इतकं जीव तोडून सांगत होतात, मध्ये कसं बोलायचं? मला वाटलं, नंतर टाकतात.' वर म्हणाल्या, 'म्हणजे गोळी कोरडीच गिळली म्हणायची.' तेव्हा तू आणशील त्या कॉम्प्रेसरमध्ये तेल आतच असू दे. पार्टवाल्याकडे मला एकदा जावं लागेल. ताईला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. ३ – ताईला कळलं. हसून हसून खाली बसली, आणि उठताना आधारासाठी तिने बॅग धरली, तर बॅगच वर आली. रिकामी! मी सासूबाईंना म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, 'कपडे बॅगेत भरून ठेवले तर अंगात काय घालू? तुम्ही लेकाला बोलवत नव्हता. आता बोलावलंत. तोही भेटेल, केबिनही गार होईल. मला कुठे जायचंय? टायरचं ते काय सांगत होतात?'

तेव्हा ये. आणि खोकायचीही गरज नाही, सरळ बोललास तरी चालेल. (एकदाच.)