बदली राजा

३ सप्टेंबर १९७८
पोचलो एकदाचा बहरीनला! विमानतळावर बर्नार्ड आला होता. हा वसईचा, हॉटेलात कामाला. नईम भागातल्या त्याच्या खोलीत आता मीही. घोरलास तर गच्चीवर झोपवीन, असा दम पहिल्याच दिवशी भरला त्याने. उकाडा असा, की पुण्याच्या मे महिन्याला उगाच नावं ठेवली असं वाटलं. उद्यापासून समुद्राकाठच्या उत्खननावर ड्राफ्ट्समन म्हणून रुजू. चारूला इथे आणायचंय, पण फॅमिली व्हिसाचं काही खरं नाही. बायकोचा, अ‍ॅग्नेसचा, व्हिसा मागून मागून बर्नार्ड थकलाय.

९ सप्टेंबर
खापरांची चित्रं काढून मान मोडली. पण आज दगडी आसन निघालं, पाठीवर खिळ्यांसारखी अक्षरं. ही लिपी वाचणारे बसऱ्याचे मुख्तारसाहेब म्हणाले, बाबिलोनच्या शिपाक राजाचं आहे. हजारो वर्षांपूर्वी या बेटावरही त्याचंच राज्य होतं. सगळा लेख वाचायला वेळ लागेल. शेजारी एक बुटकं आसन अजून अर्धं मातीत आहे.

१७ सप्टेंबर
काल खग्रास चंद्रग्रहण. आईची शिस्त अंगात मुरलेली: स्पर्शाला आंघोळ, मग मोक्षापर्यंत आसनावर बसून जप, आणि नुसत्या जमिनीवर तर बसायचंच नाही. खोलीत बर्नार्डचा रेडिओ आणि तळलेली मासळी, कसला जप होतोय! सरळ साइटवर गेलो, टँकरच्या पाण्याने आंघोळ केली आणि त्या दगडावरच बसलो. आयतं आसन, सोडतो कशाला? जप छान झाला. उठताना पाय जरा जड झाले होते.

२४ सप्टेंबर
नशीब फळफळलं म्हणायचं. मी साइटवर पाऊल टाकलं की मजूर उठून उभे राहतात. कालपर्यंत मला शैल्या म्हणणाऱ्या बर्नार्डने पलंग मला दिला आणि स्वतः खाली झोपला. का, विचारलं तर गोंधळला. म्हणाला, ठाऊक नाही रे. आणि आज ऑफिसने चारूचा व्हिसा हातात ठेवला. मी अर्जसुद्धा केला नव्हता! तिला लगेच तार केली. आठ ऑक्टोबरला येतेय.

१ ऑक्टोबर
मुख्तारसाहेबांनी लेख वाचून दाखवला. ग्रहण लागलं की राजाला मरण आहे, असं शिपाकचे ज्योतिषी सांगायचे. मग ग्रहणात एखाद्या परक्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाला न्हाऊ घालून आसनावर बसवायचे. बदली राजा. त्याला मानपान, शेजारच्या आसनावर राणी. राणी बसली की दोघांना मारून पुरायचे, आणि राजाचं मरण टळायचं. दर ग्रहणाला नवा बदली.
मी उसनं हसून म्हटलं, आता राजाच नाही, तर बदली कुणाला हवाय? मुख्तारसाहेब म्हणाले, शिपाकच्या मरणाचा उल्लेख कुठे सापडत नाही. जाताना माझ्याकडे पाठ न करता मागे मागे चालत गेले.

२ ऑक्टोबर
राजीनामा दिला. साहेबाने वाचला, घडी घालून परत दिला, आणि मला सोडायला स्वतःची गाडी मागवली. तारघरात गेलो. चारू, येऊ नकोस. कारकुनाने वाकून कागद घेतला आणि तसाच ठेवून दिला. मी आरडाओरडा केला. तो वाकलेलाच.

५ ऑक्टोबर
घण घातला त्या दगडावर. कळ माझ्या पाठीत गेली.
मजुरांनी बुटकं आसन बाहेर काढून धुऊन ठेवलंय. कुणी सांगितलं? कुणीच नाही —
मला ने. मी बसलो, माझी चूक. चारू नको. देवा, ती नको.

८ ऑक्टोबर
विमानतळावर सगळे उठून उभे राहिले. चारू खूश. म्हणाली, केवढा मान आहे हो तुम्हाला इथे. परत जा म्हणून हात जोडले तिच्यापुढे. थट्टा वाटली तिला. गाडी घराकडे वळलीच नाही —
साइट. मी दगडावर. केव्हा बसलो? पाय हलत नाहीत. आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतोय, म्हणून —
सगळे गोल करून उभे. बर्नार्डही. रडतोय, पण जागचा हलत नाही.
चारू पिशवीतून चिवड्याचा डबा काढतेय. प्रवासाने पाय दुखतायत म्हणे —
वही पुढे केली. बोट ठेवून दाखवलं, हे वाच, आधी हे वाच —
"द्या इकडे," म्हणतेय, "निवांत बसून वाचते."
चारू, उभ्यानेच वाच गं, उभ्या